अलास्का क्रूझ: आई-बाबांसाठी सुइट घ्यावा की साधी बाल्कनी पुरेल?

पारिजातक | ११ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई-बाबा जूनमध्ये मिरजेहून आमच्याकडे सिएटलजवळ बेलव्ह्यूला येतायत. बाबा ७६, आई ७१. यंदा त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील, म्हणून जुलैत त्यांना अलास्काला न्यायचं ठरवलंय. सिएटलहून निघून सिएटललाच परत, ७ रात्री. जुनो, स्कॅगवे, केचिकान, एक अख्खा दिवस ग्लेशियर बे (हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यान), आणि शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया. आई-बाबा, मी, नवरा आणि ९ वर्षांची लेक असे पाच जण.

माझ्यापुढे किमतीचे दोन कोट (क्वोट) आहेत. दोन बाल्कनी केबिन घेतल्या तर कर आणि बंदराचं शुल्क धरून ९,४०० डॉलर. आई-बाबांना सुइट आणि आम्हा तिघांना बाल्कनी घेतली तर १३,९००. म्हणजे फरक साडेचार हजारांचा, रात्रीमागे जवळपास साडेसहाशे.

सुइटमध्ये काय मिळतं? खोली जवळजवळ दुप्पट, मोठी बाल्कनी, बाथटब, वेगळं लाउंज, जेवायला वेगळी जागा, चढता-उतरताना रांगेत पुढे, कपडे धुऊन मिळणार, आणि काही ड्रिंक्स.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना आला की कठड्याला धरून थांबते. ऑपरेशनला तयार नाही. बाबा तब्येतीने खुटखुटीत आहेत, पण ऐकायला कमी येतं. नवरा म्हणतो, "आयुष्यात एकदाच नेतोय, पैशाकडे बघू नकोस." माझा जीव मात्र वरखाली होतोय. साडेचार हजार डॉलर हातात असले की त्यातून त्यांच्यासाठी किती काय करता येईल, हेच डोक्यात फिरतंय. बाबांना आकडा सांगितलेला नाही. कळला तर येणारच नाहीत.

ज्यांनी सुइट घेतलाय, किंवा घेणार होते आणि नाही घेतला, त्यांनी कृपया लिहा.

अंकगणित | ११ जानेवारी, रात्री ११:०५

आधी नावांचा घोळ निस्तरू, कारण बरेच जण तिथेच फसतात. नावात 'सुइट' आहे म्हणून तो सुइट असतोच असं नाही. प्रिन्सेस कंपनीचा मिनी-सुइट म्हणजे बाल्कनी केबिनपेक्षा ऐसपैस खोली आणि सोफा. खऱ्या सुइटच्या सवलती त्याला लागू नाहीत. रॉयल कॅरिबियनचा ज्युनियर सुइटही बऱ्याच अंशी तसाच, त्यांच्याकडे खऱ्या सोयी ग्रँड सुइटपासून वर मिळतात. याउलट नॉर्वेजियनचं 'द हेवन', सेलिब्रिटीचं 'द रिट्रीट', एमएससीचं 'यॉट क्लब' ही जहाजातली वेगळी वस्तीच म्हणा. त्यांचं जेवणघर, लाउंज, डेक सगळं निराळं असतं. तेव्हा तुमचा कोट यांपैकी कशाचा आहे ते आधी तपासा.

मग एक कागद घ्या. सुइटमध्ये मिळणारी प्रत्येक गोष्ट लिहा आणि तिच्यापुढे, ती फुकट नसती तर मी खिशातून किती दिले असते, तो आकडा लिहा. कंपनीने छापलेली किंमत लिहायची नाही. तुमचे आई-बाबा दारू घेत नसतील तर ड्रिंक्सपुढे शून्य. वायफाय त्यांना फक्त नातवंडांना फोटो पाठवायला लागणार असेल तर तुमचं एक कनेक्शन पुरेल. कपडे धुण्यापुढे वीस-पंचवीस डॉलर. सगळ्याची बेरीज करा. उरलेला फरक हा निव्वळ जागेचा आणि शांततेचा. तो तुम्हाला पटतो का, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

आणखी एक. टिप बहुधा कोटमध्ये धरलेली नसते. बऱ्याच कंपन्या माणशी दिवसाला १८ डॉलरच्या आसपास लावतात, सुइटला त्याहून दोन-तीन डॉलर जास्त. पाच माणसं, सात दिवस. हिशेबात घ्या.

शुभदा_टोरांटो | १२ जानेवारी, सकाळी ७:३०

सुइटचं नंतर बघू. आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा आहे का? व्हिक्टोरिया कॅनडात आहे. अमेरिकेचा १८८६चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या (परदेशात नोंदलेल्या) जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदर न घेता तिथेच परत सोडता येत नाही. म्हणून सिएटलहून निघालेली जवळजवळ सगळी जहाजं चार-पाच तास का होईना, व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही खाली उतरा किंवा उतरू नका, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच अडवतात. तुमचं ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला लागणार नाही, त्यांना लागेल. अमेरिकेचा व्हिसाही अनेकदा प्रवेश देणारा हवा, कारण तुम्ही बाहेर जाऊन परत आत येताय. बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) भारतात असतानाच उरकून घ्या.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सुइटचे पैसे भरले होते आणि आजी-आजोबा धक्क्यावरून घरी परतले. फार वाईट वाटलं होतं.

दुसरं, आईंना गाडी लागत असेल तर व्हँकूवरहून निघणारी क्रूझ बघा. ती जहाजं व्हँकूवर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून, आतल्या शांत पाण्यातून वर जातात. सिएटलवाली बहुतेक जहाजं बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात. पहिली रात्र आणि दुसरा दिवस हलतं.

पारिजातक | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

शुभदाताई, खूप खूप आभार. हे डोक्यातच नव्हतं! अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, कॅनडाचा नाही. आजच कागदपत्रं गोळा करायला लागते. आईला घाटात त्रास होतो, आंबा घाट उतरताना नेहमी लिंबू हातात असतं.

अंकगणित, आमचा कोट खऱ्या सुइटचा आहे. तुमच्या पद्धतीने बेरीज केली. ताणून ताणून सातशे डॉलरच्या वर जात नाही.

रेवा | १२ जानेवारी, दुपारी १:४०

बाथटबबद्दल लिहिते, कारण तो यादीत सोय म्हणून येतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीच अडचण होते.

तीन वर्षांपूर्वी साबा-साबुंना (सासूबाई-सासरेबुवांना) घेऊन गेलो. कंपनीचं नाव देत नाही. त्यांना मोठी खोली हवी म्हणून वरच्या दर्जाची घेतली. आत गेल्यावर बघितलं तर शॉवर टबाच्या आत. टबाची कड चांगली माझ्या गुडघ्यापर्यंत. साबांनी एकदा पाय उचलायचा प्रयत्न केला, भिंतीवरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं, आणि पाय खाली ठेवला. म्हणाल्या, "राहू दे गं, मी ओल्या पंचाने अंग पुसते." दोन दिवस त्यांनी तसंच केलं आणि आम्हाला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी टॉवेल घ्यायला आत गेले तेव्हा कळलं. मग आमच्या साध्या बाल्कनी केबिनमधल्या शॉवरमध्ये, जिथे पायाशी जेमतेम दोन-तीन इंचांची कड होती, तिथे त्या रोज सकाळी येऊन अंघोळ करायच्या. जास्त पैसे देऊन घेतलेली खोली त्यांना रोज अंघोळीसाठी सोडावी लागली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचाराच: शॉवर टबात आहे की वेगळा, उंबरठा किती उंच, आणि धरायला दांडी कुठे कुठे आहे. अंघोळीसाठी स्टूलही मागता येतं, पण ते आधी कळवून ठेवावं लागतं. सुइटमध्ये टबाशिवाय वेगळा शॉवर असेल तर हा मुद्दा रद्द.

सुधीरकाका | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

पारिजातक, मी ७४ वर्षांचा आहे, म्हणजे तुझ्या बाबांच्याच पिढीतला. तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

हिच्या बायपासनंतर दोन वर्षांनी आम्ही ग्रीसची क्रूझ केली. मुलाने सुइट घेऊन दिला. मीही आधी नकोच म्हणालो होतो. पण सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच नांगर टाकतात आणि छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. तिथून कड्यावर जायला केबल कार. आम्ही गेलो त्या दिवशी आणखी तीन जहाजं उभी होती. टेंडरसाठी लोक जिन्यात, पॅसेजमध्ये, मिळेल तिथे उभे. आम्हाला एका मुलीने लाउंजमधून थेट खाली नेलं आणि पहिल्या बोटीत बसवलं. उन्हं चढायच्या आत आम्ही वर पोचलो होतो, गर्दी वर येईपर्यंत परतही निघालो. त्या दिवशी ही तासभर उभी राहिली असती तर आमचं पुढचं सगळं बिघडलं असतं. त्या एका सकाळीसाठी मी ते पैसे पुन्हा देईन.

दुसरं म्हणजे शांतता. मला दोन्ही कानांना यंत्रं आहेत. मोठ्या डायनिंग रूममध्ये चारशे माणसांच्या काट्याचमच्यांचा आवाज यंत्रातून असा येतो की समोरच्या माणसाचं बोलणं कळत नाही. सुइटवाल्यांच्या छोट्या जेवणघरात मी हिच्याशी बोलू शकत होतो. तुझ्या बाबांना ऐकायला कमी येतं असं लिहिलंयस, म्हणून मुद्दाम सांगतोय. हे अंकगणित यांच्या कागदावर येणार नाही.

अंकगणित | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

काका, पूर्ण सहमत. आणि तुमच्या उदाहरणावरूनच एक गोष्ट उघड होते. सुइटची किंमत जहाजावर जेवढी अवलंबून, तेवढीच मार्गावर. सँटोरिनीला टेंडरमधला अग्रक्रम सोन्यासारखा. पण जुनो, स्कॅगवे, केचिकानला बहुतेक वेळा जहाज थेट धक्क्याला लागतं, दार उघडलं की माणसं चालत बाहेर. तिथे तोच अग्रक्रम दहा-पंधरा मिनिटं वाचवेल.

तसंच हवेचं. कॅरिबियनमध्ये सुइटवाल्यांचा वेगळा पूल आणि सावलीतल्या खुर्च्या कामी येतात. जुलैत जुनोला पारा पंधरा-सोळाच्या आसपास आणि पाऊस कधीही. मोठ्या बाल्कनीवरच्या आरामखुर्चीत किती वेळ पडून राहणार?

ऐकण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, माझ्याकडून सुटला होता.

कोळीवाडा | १३ जानेवारी, सकाळी ११:१०

मुंबईहून विचारतोय. कॉर्डेलियाच्या मुंबई-गोवा फेरीला सुइट घ्यावा का?

अंकगणित | १३ जानेवारी, सकाळी ११:४५

दोन रात्रींसाठी मी घेणार नाही, सामान लावेपर्यंत उतरायची वेळ होते. एक ध्यानात ठेवा, कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे १९९० साली बांधलेलं जहाज, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या थोड्याच. समुद्र दिसायला हवा असेल तर खिडकीची केबिन घ्या आणि बराचसा वेळ डेकवर काढा.

दर्यावर्दी | १३ जानेवारी, रात्री ११:५०

मी वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं वेगवेगळ्या जहाजांवर केबिन स्टुअर्ड होतो, त्यातले चार सीझन अलास्काचे. आता घरी असतो. आमच्याकडची आणि गोव्याची पुष्कळ मुलं या लाइनीत आहेत, तुम्ही कुठल्याही मोठ्या जहाजावर गेलात तरी कोणीतरी भेटेलच. आतून बघितलेलं सांगतो.

खोली निवडताना आकाराआधी जागा बघा. जहाज सीसॉसारखं हलतं, मध्यावर कमी, टोकांना जास्त, आणि जितकं वर जाल तितकं जास्त. आता सुइट कुठे असतात? बहुतेक वरच्या मजल्यांवर, नाहीतर अगदी पुढे किंवा मागे, कारण देखावा तिथून चांगला. पहिल्या रात्री व्हँकूवर बेटाच्या बाहेरून जाताना माझ्या सुइटमधली म्हातारी माणसं आडवी पडलेली असायची आणि खाली पाचव्या-सहाव्या डेकवर मधोमध असलेली माणसं जेवून गप्पा मारत असायची. हे मी कितीतरी फेऱ्यांना बघितलंय. ताईंच्या आईंना घाट लागतो म्हणून हे पहिलं लिहिलं.

डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर सर्वांत शांत. वर पूल किंवा बफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येणार. खाली थिएटर असेल तर रात्री. लिफ्टपासून चार-सहा खोल्या सोडून घ्या. आईंना चालायला कमी आणि पॅसेजमधला गोंगाटही नाही.

आता तुमच्यासाठी मुख्य गोष्ट. शेजारशेजारच्या दोन बाल्कनी केबिन घ्या. दोन बाल्कन्यांमध्ये एक आडोशाची फळी असते. बऱ्याच जहाजांवर ती दारासारखी उघडते. स्टुअर्डला पहिल्याच दिवशी सांगायचं, तो चावीने उघडून भिंतीला लावून देतो. सगळ्या जहाजांवर नसते आणि सगळ्या खोल्यांना नसते, म्हणून बुक करतानाच विचारायचं. उघडली की पाच माणसं एकत्र बसतील एवढी लांब बाल्कनी होते, आणि रात्री आपापल्या खोल्या आपापल्या. दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार असलेली खोली मात्र टाळा, त्या दाराच्या फटीतून आवाज येतो.

शाकाहारी जेवणाचं बुकिंग करताना लिहून ठेवा आणि चढल्यावर पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा. किचनमध्ये भारतीय स्वयंपाकी बहुतेक असतातच. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वरण, भात, भाजी, पोळीसारखं काहीतरी टेबलावर येतं. त्यासाठी सुइट लागत नाही. बाबांसाठी त्याच हेड वेटरकडे भिंतीकडेचं टेबल आणि लवकरची जेवणाची पाळी मागा.

सुइटमध्ये राहून खूश झालेली माणसंही मी पुष्कळ बघितली. जी खोलीतच रमतात, पुस्तक वाचतात, नाश्ता खोलीत मागवतात, दुपारी झोपतात, त्यांचे पैसे वसूल होतात. सकाळी आठला बाहेर पडून रात्री दहाला येणाऱ्यांची खोली मी दिवसातून दोनदा आवरायचो, ती तशीच्या तशी असायची.

रेवा | १४ जानेवारी, सकाळी ८:००

दर्यावर्दी, अप्रतिम प्रतिसाद. तुमच्यावर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा.

पारिजातक | १५ जानेवारी, रात्री ९:३०

काल आईला फोनवर सरळच विचारलं, "जहाजावर तुला काय काय हवं?" मला वाटलं होतं, काहीही चालेल म्हणेल. पण तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सकाळचा चहा निवांत बसून घेता आला पाहिजे. तिथून बाहेर दिसलं पाहिजे. आणि तुम्ही सगळी एका ठिकाणी दिसलात म्हणजे झालं." मग म्हणाली, "त्या मोठ्या खोलीत आम्हा दोघांना वेगळं ठेवू नका, ह्यांना ऐकू येत नाही, मी दिवसभर कोणाशी बोलू?"

सुइट घेतला की ते एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुइटचं लाउंज आणि जेवणघर त्यांच्यापुरतंच, आम्हा तिघांना तिथे प्रवेश नाही. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांना आमच्यापासून वेगळ्या टेबलावर बसवायचं मला जमणार नाही.

सुधीरकाका | १५ जानेवारी, रात्री १०:०५

मग प्रश्नच मिटला. आम्ही दोघंच होतो, म्हणून आम्हाला सुइट लाभला. तुमचं कुटुंब बरोबर आहे. आईने बरोबर सांगितलं.

सगळ्यांनी एकत्र सुइटमध्ये राहायचं तर हेवनमध्ये दोन बेडरूमचे सुइट असतात, पण त्याची किंमत तुझ्या दोन्ही कोटांच्या वर जाईल.

अंकगणित | १५ जानेवारी, रात्री १०:३०

बाल्कनी बुक करून ठेवा आणि अंतिम रक्कम भरायची तारीख येईपर्यंत दर बघत राहा. उतरला तर फोन करून कमी करून घेता येतो. अपग्रेडसाठी बोली लावायचे ईमेल येतील. त्या बोलीतला आकडा बहुधा माणशी असतो, दोघांचा धरून दुप्पट होतो. आणि बोली लागली की कुठली खोली मिळेल ते कंपनी ठरवते. शेजारच्या दोन खोल्या तुटतील. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आई-बाबांचा प्रवासविमा जहाजावरच्या उपचारांना आणि तिथून हलवण्याला लागू आहे ना ते वाचून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल मोठं येतं.

पारिजातक | २ ऑगस्ट, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. आम्ही जाऊन आलो! ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हिशेब द्यायचाच होता.

सहाव्या डेकवर मधोमध, शेजारच्या दोन बाल्कनी केबिन घेतल्या. वर-खाली केबिनच. दोन्हीकडे नुसता शॉवर, उंबरठा छोटा, आत दोन दांड्या, फोन करून आधीच खात्री केली होती. कॅनडाचे व्हिसा एप्रिलमध्ये आले. सिएटलला धक्क्यावर आईसाठी व्हीलचेअर मागितली, ती विनामूल्य मिळाली आणि आम्ही पाचही जण तिच्याबरोबर बाजूच्या रांगेतून वर गेलो. जे सुइटच्या यादीत होतं ते असंच मिळालं.

पहिल्या रात्री हललं. आईने डॉक्टरांना विचारून गोळी घेतली होती, झोपून गेली. सकाळी उठून म्हणाली, "रेल्वेत झोपल्यासारखं वाटलं."

वाचलेल्या पैशांतून स्कॅगवेची व्हाइट पासची रेल्वे केली. १८९८ साली सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांसाठी बांधायला घेतली आणि १९००मध्ये पुरी झाली. अरुंद रूळ, समुद्रापासून वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. ते खिडकीतून डोंगराच्या पोटातले लाकडी पूल बघत होते आणि लेकीला समजावत होते, पाणी कुठून येईल, भार कुठे जाईल. जुनोला छोट्या बोटीतून व्हेल बघितले. हे दोन्ही आणि टिप धरूनही साडेचार हजारांतले निम्म्याहून जास्त शिल्लक राहिले.

ग्लेशियर बेचा दिवस जरा सविस्तर लिहिते. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर बोटीतून येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. स्टुअर्डने पहिल्याच दिवशी मधली फळी उघडून दिली होती (तो मडगावचा निघाला, आईने त्याच्या घरची सगळी चौकशी केली). सहा वाजता आई शाल आणि त्यावर माझं जाकीट घालून खुर्चीत बसली होती, मांडीवर जहाजाचं पांघरूण, हातात चहा. आम्ही बरोबर नेलेली चहा पावडर आणि आलं. पाणी इतकं स्थिर की त्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते ते हललेलेही दिसत नव्हते.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबलं आणि सावकाश फिरलं, त्यामुळे कुठल्या बाजूची खोली घ्यावी याची चिंता करू नका, दोन्ही बाजूंना दिसतं. आधी नुसता निळा-पांढरा कडा दिसत होता. मग त्याचा एक तुकडा सुटला, अगदी आवाज न होता खाली आला, पाणी वर उसळलं, आणि त्यानंतर गडगडाट पोचला. बाबांना तो ऐकू आला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "चांदोली धरणाचा दरवाजा पहिल्यांदा उघडतात तेव्हा असा आवाज येतो." आम्ही पाचही जण त्या लांबट बाल्कनीत होतो. आईने काही न बोलता त्यांच्या हाताला हात लावला. तेवढ्यात दुसरा तुकडा पडला.

सुइट असता तर बरं झालं असतं, असं दोनदा वाटलं. बफेमध्ये सकाळी साडेआठला एवढी गर्दी, की आई ताट हातात धरून जागेसाठी उभी राहिली आणि मला कानकोंडं झालं. तिसऱ्या दिवशी कळलं की डायनिंग रूममध्ये बसून नाश्ता मिळतो, तोही सगळ्यांना आणि जादा पैसे न देता. मग रोज तिथेच. दुसरं म्हणजे उतरायच्या दिवशी सातपासून नवापर्यंत लाउंजमध्ये बसून राहावं लागलं, कडक खुर्च्या, बॅगांची गर्दी. आईची पाठ अवघडली. सुइटवाले त्यांच्या लाउंजमध्ये आरामात होते. तिथे काका, तुमचीच आठवण झाली.

जेवणाच्या वेळी हेड वेटरने कोपऱ्यातलं भिंतीकडचं टेबल दिलं. बाबांना सगळंच ऐकू आलं असं नाही, पण आमच्यापैकी एक जण कायम त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचा.

दर्यावर्दी | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

ताई, वाचून बरं वाटलं. आईंचा चहा विशेष. मडगावच्या भावाला जाताना पाकीट दिलंत ना? ती मुलं सहा-आठ महिने घराबाहेर असतात.

पारिजातक | ३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

दिलं, दादा. कापडी पिशवीत आईने करून आणलेले लाडूही दिले, आणि कंपनीच्या कार्डावर त्याचं नाव लिहून कौतुक केलं.

रेवा | ३ ऑगस्ट, सकाळी १०:२५

पुढच्या मे महिन्यात साबांना पुन्हा न्यायचा विचार आहे. खोली सहाव्या डेकवर होती म्हणालीस, लाइफबोट समोर येतात का गं तिथे?

पारिजातक | ३ ऑगस्ट, सकाळी १०:५०

आमच्या जहाजावर त्या खालच्या डेकच्या बाहेर टांगलेल्या होत्या. बाल्कनीतून वाकून पाहिलं तर त्यांचं छत दिसायचं, बसल्यावर नाही. पण जहाजागणिक बदलतं. तू नकाशात 'दृश्य अडलेलं' असा शेरा कुठल्या खोल्यांना आहे ते बघ, आणि फळी उघडते का ते विचारूनच पैसे भर. खोल्यांचे नंबर विपूत (तुझ्या विचारपूसमध्ये) पाठवते.